चौथीचा राहिलेला एक गुण

प्रति,
मा. शिक्षण निरीक्षक,
बालकलाकार शिक्षण कक्ष,
दुसरा मजला, खोली क्र. १४

विषय : सन १९६१ च्या चौथीच्या निकालात एक गुण वाढवून मिळणे, अथवा फेरपरीक्षा घेणेबाबत.

संदर्भ : आपली दि. २ जूनची नोटीस (चौथीचे प्रमाणपत्र पंधरा दिवसांत न दिल्यास सेटवरील वर्ग बंद).

महोदय,

१. सन १९६१ मध्ये अर्जदार नऊ वर्षांची होती आणि एका चित्रपटात वर्गातल्या हुशार मुलीचे काम करीत होती. सेटवर मुलांना रोज तीन तास शिकवणे बंधनकारक होते. वेगळी खोली नसल्याने खरा वर्ग खोट्या वर्गातच भरे, दिवे हलवायला लागेल तेवढ्या वेळात. तिथल्या फळ्यावर रंगाऱ्याने ऑइलपेंटने गणित काढले होते : ८४ भागिले ७, उत्तर १३.

२. शिकवायला नेमलेल्या बाईंनी हरकत घेतली. दिग्दर्शक म्हणाले, "बाई, या फळ्यावर दोन दिवसांचं शूटिंग झालंय. प्रेक्षक काय गणितं सोडवायला येतात?" रंगारी म्हणाला, "आणि तेरा कसा भारदस्त दिसतो." दुसऱ्या दिवशी बाईंनी घरून टर्पेंटाइनचा बोळा आणला आणि तेरा पुसला. रंगाऱ्याने नवा तेरा काढला. बाईंना घरी पाठवण्यात आले.

३. वार्षिक परीक्षा त्याच फळ्यासमोर झाली. प्रश्नपत्रिका बाईंनी जाण्याआधीच काढून ठेवली होती. तिसरा प्रश्न : ८४ भागिले ७. आठ मुलांनी बारा लिहिले. अर्जदारालाही बारा येत होते, परंतु जेवणानंतर तिचा शॉट होता आणि दिग्दर्शकांनी बजावले होते, "हा सेट उभा आहे तोवर उत्तर तेरा." मुलगी आज्ञाधारक. गणितात चौतीस गुण पडले, पास व्हायला पस्तीस लागत. बाकीचे प्रश्न का चुकले, हा या अर्जाचा विषय नाही.

४. चित्रपटातल्या खोट्या गुणपत्रिकेवर मात्र अर्जदाराचा पहिला नंबर होता. तीच दाखवून मामांनी तिचे नाव पाचवीत घातले. पुढचे सारे शिक्षण, अध्यापनाच्या पदविकेसह, खरे आहे. गेली एकतीस वर्षे ती सेटवर मुलांना शिकवते. आता आपल्या संगणकात चौथीचा रकाना भरल्याशिवाय पुढचा उघडत नाही. आपले लिपिक म्हणाले, "आजी, चौथी नाही तर दहावी कशी झाली?" ती अशी झाली.

५. चित्रपट चार दिवस चालला. रंगारी दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. त्या आठ मुलांपैकी नट कोणीच झाले नाही. एक तर आपल्याच खात्यातून निवृत्त झाला. बाई दर वर्षी अर्जदाराच्या वाढदिवसाला कार्ड पाठवीत. मजकूर एकच : ८४ भागिले ७. अर्जदार उलट टपाली बारा कळवी. बाईंना जाऊन बावीस वर्षे झाली.

६. सध्या सेटवर पाच मुले शिकतात. धाकटीला भागाकार आत्ता कुठे जमू लागला आहे. वर्ग बंद झाला, तर दिग्दर्शक सांगतील तेच तिचे उत्तर राहील. सबब तो एक गुण द्यावा, नाहीतर परीक्षा घ्यावी. प्रश्न कोणताही चालेल. फळा तेवढा आधी पुसून ठेवावा.

आपली नम्र
('आज्ञाधारक' लिहिण्याचे टाळले आहे),
(सही)
सेटवरच्या बाई
दि. १० जून २०२५

सोबत :
१. गुणपत्रिका, खरी (नापास).
२. गुणपत्रिका, खोटी (पहिला नंबर).
३. बाईंचे शेवटचे कार्ड. ते पोचले त्याच्या आदल्या दिवशी बाई गेल्या, म्हणून उत्तर कळवायचे राहिले होते. ते आज त्यावर लिहिले आहे. कृपया तपासावे.