रस्त्याकडच्या तीन खिडक्या

१२ मार्च २००६, रविवार
अभयने आज स्पष्टच सांगितलं. अमेरिकेच्या वेळेप्रमाणे रात्री काम, दिवसा झोप, आणि उशाशी बस स्टॉप. लाकडी खिडक्या फुगल्यात, लागत नाहीत. असंच चाललं तर मित्रांबरोबर हिंजवडीत फ्लॅट घेणार म्हणाला. हिराचा चेहरा उतरला.
मी म्हटलं, खिडक्या मी बघतो. इरिगेशनमध्ये एकतीस वर्षं एस्टिमेटच काढली.
निश्चय: रस्त्याकडच्या तिन्ही खिडक्या बदलणे. दहा हजारांच्या आत. जयंतीच्या आधी.

१५ मार्च
स्लायडिंगवाला सर्जेराव आला. चौदा हजार! त्यात ‘फिटिंग चार्ज’ वेगळा. म्हणजे खिडकी विकणार, पण भिंतीत बसवण्याचे वेगळे. शिवाय माप घेताना अर्ध्या फुटाचा एक फूट करतो. किळस आली. चहा मात्र दोन कप प्यायला. वाटेला लावला.

१९ मार्च, रविवार
जुन्या बाजारात अ‍ॅल्युमिनियमच्या तीन खिडक्या मिळाल्या, बेचाळीसशेला. कुठल्याशा बँकेतून निघालेल्या. माल दणकट. टेम्पोचे चारशे. डोकं वापरलं की असं होतं.
एका काचेला खाली अर्धगोल भोक आहे. घरी आणेपर्यंत लक्षात आलं नाही. हवेला बरं.
हिरा बराच वेळ भोकाकडे बघत होती. मग म्हणाली, “अहो, यातून पैसे कोणाला द्यायचे?”
मी काचा पुसायला घेतल्या.

२ एप्रिल
गवंड्याने जुन्या चौकटी काढल्या. खिडक्या चार-चार इंच लहान निघाल्या. माझं माप बरोबर होतं. भिंतीच वाकड्या आहेत. बिल्डर चोर.
आता विटा, वाळू, सिमेंट. घरभर धूळ. पोह्यांतसुद्धा.

९ एप्रिल
गवंडी तीन दिवस फिरकला नाही. गावी जत्रा म्हणे. भिंतीतल्या भोकांवर प्लास्टिक लावलंय, कबुतरं त्याखालून शिरतात. अभयच्या कंप्युटरवर घाण. त्याने स्वतःच पुसली. डोळ्यांवर रुमाल टाकून झोपतो. भांडला असता तर बरं झालं असतं.

१४ एप्रिल, जयंती
पाहुणे आले. सगळा वेळ प्लास्टिकसमोर उभा राहिलो. काम प्रगतिपथावर आहे असं सांगितलं. ऑफिसात याच वाक्यावर वर्षं काढली. बहीण सुंदराबाई म्हणाली, तेवढ्यात अख्खं घर झालं असतं. तिला टेक्निकल काही कळत नाही.

२२ एप्रिल
बसल्या एकदाच्या. गवंडी आणि सामान मिळून छप्पनशे. भोकाला पुठ्ठा चिकटवला.
बस गेली की तिन्ही खिडक्या थडथडतात. पूर्वी नुसती बस ऐकू यायची.
दुपारी अभय उशी घेऊन स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपलेला दिसला. सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर.

२३ एप्रिल
सर्जेरावला फोन केला. फक्त सल्ल्यासाठी. आला. साडेसतरा हजार म्हणतो. चौदाचे साडेसतरा कसे, हे मी कडक शब्दांत विचारलं.
“काका, आता तुमचं काम तोडायचंही आलं ना.”
पुन्हा दोन कप. हिराने तिसराही विचारला.

३० एप्रिल
अभय आज हिंजवडीला गेला. दोन बॅगा आणि गादी. कंपनीची बस दारातच येते म्हणे. मी सांगितलं, आठच दिवस थांब. म्हणाला, “बाबा, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट झालंय.” वाकून नमस्कार केला. उगाच.

६ मे
काम पूर्ण. बँकेतल्या खिडक्या भंगारात अकराशेला. एकूण खर्च सव्वीस हजार सहाशे. सर्जेरावचं काम चांगलं आहे. माणूस बरा म्हणायचा. दबावाखाली नीट काम करतो. दबाव माझा होता.

७ मे, रविवार
अभयला फोन करून सांगितलं, आता बसचा आवाज अजिबात येत नाही. बरं झालं म्हणाला. पुढच्या रविवारी जमलं तर येतो म्हणाला.
दुपारी हिरा त्याच्या खोलीत जाऊन बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, फार शांत वाटतं, एक खिडकी उघडा.
उघडली. बस ऐकू येते.
खिडकी एका बोटाने सरकते.