ऊलबोल्सुन, म्हणजे मुलगा होवो

१२ मे

खोटं बोलले! आणि काय गोड खोटं! कोचकोर गावी मामेबहिणीच्या लग्नात एक उंच मुलगा माझ्याशेजारी नाचत होता — बेकतुर. नारिन शहरात गाड्या दुरुस्त करतो. ‘नाव काय तुझं?’ म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं — आयपेरी. चंद्रपरी! मग काय, चंद्रपरीसारखं बसावं लागलं. तळलेल्या पिठाचे बोरसोकसुद्धा इवलेइवले घास करून खाल्ले!

खरं नाव सांगणार तरी कसं? ऊलबोल्सुन. मुलगा होवो. नाव कसलं, नवसच तो! तीन मुलींवर मी चौथी. बाबांनी देवाला निरोप धाडला, तो माझ्या गळ्यात बांधून. देवानं काही मनावर घेतलं नाही. माझ्यानंतर पाळणाच हलला नाही. शाळेत पोरं ओरडायची, ‘ए मुलगा होवो, फळा पूस!’

१४ मे

फोन आला!! त्याचा!!

थोरल्या ताईनं दाराआडून सगळं ऐकलं. ‘चंद्रपरीबाई, गोठ्यातलं शेण आज आम्ही काढायचं का?’

१९ मे

नदीकाठी भेटलो. आईस्क्रीम वितळून कोपरापर्यंत ओघळलं, कळलंच नाही. तो दर वाक्याला ‘आयपेरी’ म्हणतो. ऐकायला इतकं छान वाटतं! मग मध्येच वाटलं — हा हाक मारतोय दुसऱ्याच कुणाला, आणि मी उगाच ‘ओ’ देतेय.

२ जून

पुढच्या रविवारी त्याची आई मला कानातले घालायला येतेय! म्हणजे लग्न ठरलं! घरभर उड्या मारल्या.

आणि मग उड्या थांबल्या. बाबा सगळ्यांसमोर नाव घेणारच की!

ताई म्हणते, ‘सांगून टाक बये.’ उद्या सांगते. नक्की.

८ जून

नाही सांगितलं.

९ जून

पाहुणे आले, चहा झाला, मटण झालं. बाबा उठले, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमिसचा वाडगा हातात घेऊन म्हणाले, ‘आमची ऊलबोल्सुन आता तुमची.’

त्याची आत्या इकडंतिकडं बघायला लागली. ‘ही कोण? आम्ही तर आयपेरीसाठी आलोय!’

बेकतुर माझ्याकडे बघतोय. सगळेच बघतायत. मी उभी राहिले. ‘मीच ती. ऊलबोल्सुन. लाज वाटली म्हणून खोटं सांगितलं.’

बाबांनी वाडगा खाली ठेवला. आत्या तर डोक्यावरचा रुमाल सावरून उठायच्याच बेतात!

तेवढ्यात बेकतुरची आई हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत! ‘अगं, माझं नाव बुरुल! म्हणजे वळ! आता तरी मुलाकडे वळ, म्हणून ठेवलेलं. माझ्या पाठीवर आणखी पाच बहिणी झाल्या. कुणी वळलं नाही! ये इकडे. कान पुढे कर.’

घातले! चांदीचे, लांब, मान हलवली की वाजणारे! बेकतुर जवळ येऊन पुटपुटला, ‘ऊल-बोल्-सुन. लांब आहे जरा. पण जन्मभर पुरेल.’ मी हसले की रडले, आठवत नाही.

संध्याकाळी बाबा घोड्याला पाणी दाखवत होते. वळले नाहीत. म्हणाले, ‘इतकी लाज वाटायची?’

‘हो.’

बराच वेळ घोड्याची मान थोपटत राहिले. ‘तू झालीस तेव्हा मी तुझं तोंडही पाहिलं नव्हतं. नाव आधीच ठरवून बसलो होतो.’

बादली मी उचलली.

१७ जून

लग्न ऑगस्टात! बेकतुर फोनवर मुद्दाम अख्खं नाव घेतो, गॅरेजमधली माणसं मागून टाळ्या वाजवतात. मूर्ख! लाडका मूर्ख!

२३ जून

आईला दिवस गेलेत!! चव्वेचाळिसाव्या वर्षी! जावई येणार घरात, आणि सासूला डोहाळे! ताई हसून हसून जमिनीवर लोळली, आई उशीत तोंड खुपसून बसलीय.

बाबा माझ्या खोलीच्या दारात आले. टोपी काढली, पुन्हा घातली.

‘मुलगी झाली तर,’ म्हणाले, ‘नाव तू ठेव. पण आधी तिचं तोंड बघ.’