आईची ग्रीसमधली प्रदक्षिणा

बाबा, आईला ग्रीसला नेऊन आणलं. गेल्या आठवड्यात परतलो. तिला डोंबिवलीला सोडून मी माजिवड्याला घरी आले, तेव्हापासून तुम्हाला काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखं वाटतंय. खरं तर जायला तुम्ही हवे होतात. जुनं देऊळ, पडका किल्ला, कोरलेला दगड दिसला की तुमचे पाय आपोआप तिकडे वळायचे. रंगाच्या कारखान्यात आठवडाभर नमुने तपासून तुमची नखं कधी निळी, कधी पिवळी झालेली असायची, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच बोटांनी तुम्ही मला अंबरनाथच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती दाखवायचात. हिच्या पायाशी कोण बसलंय बघ. हा दगड त्या दगडात कसा बसवला असेल सांग. मला उत्तर आलं नाही की तुम्ही जास्त खूश व्हायचात, कारण मग दोघांनाही शोधावं लागायचं.

आई तेवढ्यात पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलेली असायची. तुम्ही बाहेर. तिच्या चपला, पिशवी, माझी पाण्याची बाटली, सगळं तुमच्यापाशी. एका श्रावणी सोमवारी तिने हट्टच धरला की एकदा माझ्यासाठी आत या, दुसरं काही मागत नाही. तुम्ही म्हणालात, "आतलं तुझं, बाहेरचं माझं. मी इथे बरा आहे." दिवसभर ती तुमच्याशी बोलली नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात ती उपास सोडायची तयारी करत होती, तेव्हा तुमची बाजू घ्यायची म्हणून मी म्हटलं, आत नुसता दगड तर आहे. मला वाटलं, तुम्ही पाठ थोपटाल. तुम्ही वर्तमानपत्र खाली ठेवलंत आणि इतक्या कडक आवाजात बोललात की आईचा हात पातेल्यावरच थांबला. "तुला मानायचं नसेल तर मानू नकोस. तिला हिणवायचं नाही." तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे आहात, हे कोडं मला तेव्हा पडलं ते आजवर सुटलेलं नाही.

शेवटच्या दुखण्यात आईने दवाखान्यात तुमच्या कपाळाला अंगारा लावला. तुम्ही लावू दिलात. एकदा हात जोडा म्हणाली, तर तुम्ही तिचाच हात धरलात आणि डोळे मिटलेत. मला तेवढं पुरेसं वाटलं होतं. तिला नाही. इतकी वर्षं ती तेच उगाळत बसली आहे. देवापुढे दिवा लावता लावता मध्येच थांबते आणि म्हणते, ह्यांनी शेवटपर्यंत हात जोडले नाहीत गं, कुठे असतील आता? माणूस गेला की कुठेच नसतो, हे तुमचं उत्तर तिला द्यायला माझी जीभ रेटत नाही.

तर ग्रीस. आमच्या गटात बहुतेक सगळी ठाणे-डोंबिवलीचीच मंडळी, प्रत्येकाच्या पिशवीत लाडू आणि मेतकूट. समुद्राकाठच्या एका टेकडीवर देऊळ आहे. नाव लिहीत नाही, माझा उच्चार तुम्ही दुरुस्त करत बसला असतात. छप्पर गेलेलं, मूर्ती कधीचीच नाही, उरलेत ते खांब. भोवती दोर लावलाय आणि कुठून कसं फिरायचं त्याचे बाण. आईने बाण बघितलेच नाहीत. देऊळ दिसलं तशी तिने सँडल काढली, देऊळ उजव्या हाताला घेतलं आणि चालायला लागली. तिच्यामागे गटातल्या बायका, त्यांच्यामागे त्यांचे नवरे. बाण नेमके उलटे होते. समोरून येणारे पर्यटक बिचारे अंग चोरून वाट देत होते, आणि आमच्यातले एक निवृत्त बँकवाले काका त्यांनाच हाताने खुणावत होते की तुम्ही चुकताय. शेवटी पहारेकरी आला. आमच्याकडे देवळाला असंच फिरतात, असं मी त्याला इंग्रजीत समजावलं. त्याने आईच्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि एवढ्या वेळेपुरतं चालेल म्हणाला.

प्रदक्षिणा पुरी करून आईने मोर्चा गाइडकडे वळवला. ती तिथलीच बाई, भलतीच शांत. आईचे प्रश्न मी इंग्रजीत सांगायचे आणि तिची उत्तरं मराठीत. देवाचं तोंड कुठे होतं? पूर्वेला. आईला बरं वाटलं. अभिषेकाचं पाणी कुठून बाहेर जायचं? अभिषेक म्हणजे काय हे सांगण्यातच माझी दमछाक झाली. मग आईने विचारलं, दर्शनाची रांग कुठून लागायची. गाइड म्हणाली, रांग नसायचीच. मूर्ती आत असायची, पण आत जाणारे थोडे. वेदी बाहेर, उघड्यावर. लोक बाहेरच उभे राहायचे आणि पूजा तिथेच व्हायची.

हे मराठीत सांगताना मी अडखळले. आईने मला पुन्हा विचारायला लावलं, नीट विचार म्हणाली. गाइडने तेच सांगितलं. आई एका दगडावर बसली. वारा भणाणत होता, तिचा पदर मी धरून ठेवला होता. मग ती म्हणाली, "म्हणजे ह्या लोकांच्या रीतीने बघितलं तर तुझ्या बाबांनी जन्मभर पूजाच केली." आणि खांबांकडे बघत चक्क हसली. तिला असं मोकळं हसताना तुम्ही गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं. काल डोंबिवलीला गेले होते, तर तिने दिवा लावला आणि न थांबता शेजारच्या काकूंना तिथल्या समुद्राचं वर्णन करायला गेली.

तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे. मी बाहेर उभा होतो तो कोरीवकाम बघायला, कुठल्या परक्या लोकांची रीत माझ्या माथी मारू नका. बरोबरच आहे. आईला मी हे बोलले नाही, बोलणारही नाही. लहानपणी प्रत्येक दगडापाशी हे असं का, ते तसं का विचारून मी तुम्हाला भंडावून सोडायचे आणि खरं उत्तर मिळेपर्यंत हलायचे नाही. हे पत्र पाठवायला कुठला पत्ता नाही, पण असता तरी पाठवलं नसतं. पहिल्यांदाच मला तुमचं उत्तर नको आहे.