तुमचा चर अडवताना

बाबा, एडमंटनच्या उत्तरेला तुम्ही आखलेला तो मोठा चर आम्ही अडवला. आधी एवढं सांगून टाकते, म्हणजे बाकीचं सावकाश सांगता येईल. रागवायला आता तुम्ही नाही, हे अंगवळणी पडायलाच मला बरीच वर्षं लागली.

तुम्हाला साचलेलं पाणी खपायचं नाही. कॅल्गरीच्या घरात ओट्यावर थेंब दिसला तरी हातातला चहा ठेवून फडकं घ्यायचात. बर्फ वितळू लागला की ऑफिसला जाण्याआधी ड्राइव्हवेवर फावड्याने बारीक चर पाडायचात आणि पाणी रस्त्याकडे धावलं की मला हाक मारायचात. "पाण्याला वाट द्यावी, नाहीतर सडतं." मी "ओके बाबा, आय ॲम कोल्ड" म्हणत आत पळायची. मी दहा वर्षांची असताना एका शनिवारी तुम्ही मला कामावर नेलंत. वाटेत मला गमबूट घेतलेत, एक नंबर मोठे, पाय वाढणार म्हणून. तपकिरी, सपाट जमीन आणि तिच्यामधून जाणारा सरळसोट चर. तुम्ही पाण्यात एक वाळकं पान टाकता, ते संथपणे निघतं. "बघ, पंप नाही, काही नाही. नुसता उतार." तुमचा असा चेहरा मी पुन्हा पाहिला नाही, माझ्या पदवीदानालाही नाही. निघताना तुम्ही आईच्या तुळशीसाठी तिथलं काळं, भुसभुशीत पीट पिशवीत भरून घेतलंत.

आता मी त्याच जमिनीवर काम करते, ती पुन्हा ओली करण्याचं. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात दबून राहिलेलं शेवाळ. ओलं असतं तोवर ते सहसा सडत नाही. पाणी काढलं की आत हवा शिरते, ते सडू लागतं आणि त्यातला कार्बन हवेत जातो. तुमचा नियम तिथे नेमका उलटा पडतो. तुम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या कंपनीला बागांसाठी पीट हवं होतं, जमीन कोरडी करायची होती, ती तुम्ही चोख केलीत. कंपनी गेली, चर वाहत राहिला. आम्ही तिथे जिवंत शेवाळाचे तुकडे पसरतो, वर पेंढा घालतो. पण पाणी थांबलं नाही तर ते जगत नाही, म्हणून सगळा भरवसा त्या चरातल्या बांधावर.

आईला फोनवर सांगितलं.

"छान! बापाने खणायचं आणि लेकीने बुजवायचं."

"बुजवत नाही गं, ब्लॉक करतोय. क्लायमेटसाठी."

"कर बाई. त्यांना बेसमेंटमधलं पाणीसुद्धा चालायचं नाही, एवढं लक्षात ठेव." मग म्हणाली, "तो चर चांगला झाला होता ना गं?"

मी हो म्हणाले.

पहिला बांध टिकला नाही. उन्हाळ्यात गेलो तर पाण्याने कडेने वाट काढलेली, शेवाळ वाळून पांढरं पडलेलं. "हा चर ज्याने कोणी केला, त्याला उतार कळत होता," माझी सहकारी वैतागून म्हणाली. "माझ्या वडिलांनी केला," मी म्हटलं. तिने थर्मासमधली कॉफी मला ओतून दिली.

यंदा बांध रुंद घातला. पाणी थांबलं आहे, पेंढ्याखाली हिरवं दिसतं आहे. कोणी बघत नाहीसं पाहून मी एक पान टाकलं. ते जागचं हललं नाही. काम झालं, याचं मला समाधान आहे, खोटं कशाला सांगू. पण पहिला बांध तुमच्या उतारापुढे हरला त्या दिवशी, आमची वर्षभराची मेहनत डोळ्यांसमोर वाळलेली असताना, मी मनातून खूश झाले होते. हे ऑफिसात सांगता येत नाही, आईलाही नाही. हे पत्र कुठे टाकायचंच नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.