भुशाची बरकत

पुणे, शुक्रवार

इस्माईलभाईंना खतिजाचा सलाम.

ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि डिंकाचे लाडू पोचले. एसटीच्या पार्सलचे ऐंशी रुपये मी इथे भरले. तुमचे दाजी लाडू खातात, पण वास कशाचाच येत नाही त्यांना.

एमआरआय झाला. बारामतीला काढलेल्या फोटोत नाकाशेजारची सगळी पोकळी पांढरी दिसली, तेव्हा ती सगळी गाठच समजून मी रडले होते. इथे इंजेक्शन देऊन फोटो काढला, तर त्यात बरंचसं साचलेलं पाणी निघालं. गाठ लहान आहे, पण दोन डोळ्यांच्या मधल्या हाडाला टेकली आहे. ऑपरेशन करतील. अम्मीला फक्त पाण्याचं सांगा.

फोटो बघताना डॉक्टरीणबाईंनी यांना विचारलं, "लाकडाचं काम करता का?" आम्ही काही बोललोच नव्हतो. अशी गाठ क्वचितच होते, आणि झाली तर सुतारकाम करणाऱ्यांना जास्त, असं त्या म्हणाल्या.

तुमच्या कन्हेरीच्या वर्कशॉपात यांनी वीस वर्षं मशीनवर सागवान घासलं. धूळ ओढणारा पंखा मागितला, तेव्हा तुम्ही हसलात. "दाजी, भुसा म्हंजी बरकत हाय. नाकात गेली तर बिघडलं कुठं?" तेव्हा मीही हसले होते.

आता त्याच मशीनवर माझा अबरार बसतो, बापाची जागा म्हणून. फोनवर विषय काढला की नेमकं तुमचं गिऱ्हाईक येतं. अबरार नुसतं "व्हय अम्मी" म्हणतो.

त्याला तिथून उठवलं, एवढं स्वतःच्या हातानं लिहून उलट टपाली कळवा. तोवर लाडू पाठवू नका.

तुमच्या चिठ्ठीकडे डोळे लावून बसलेली,
खतिजा