कच्ची जागा

३ ऑगस्ट

लहानपणी मागच्या दारच्या पायरीवर ताई आणि मी मटार सोलत बसायचो. ती दाण्यांचे त्रिकोण मांडायची, मी ते मोडून खायची. आईची हाक येईपर्यंत निम्मा वाडगा फस्त! आज वर्गाच्या दारात उगाच ते आठवलं. एम.ए.च्या वर्गात बसून गणिताचा एकच विषय शिकायचा. पदवी नको. अर्जात तसंच लिहिलंय.

प्राध्यापिका आत आल्या आणि मी ताडकन उभी! "गुड मॉर्निंग, मिस!" — कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी घोटून घेतलेल्या सुरात, एकटीच. मागून कुणीतरी, "हेडगर्ल आली रे!" प्राध्यापिका माझ्या सुनेहून लहान. त्याच ओशाळल्या बिचाऱ्या.

६ ऑगस्ट

ऑफिसातले कारकून म्हणाले, "बाई, तुमची जागा कच्ची. पदवीचा विद्यार्थी आला की तुम्ही उठायचं."

म्हटलं, मी घरून खुर्ची आणते.

"खुर्चीचा नाही हो, यादीचा प्रश्न आहे!"

१० ऑगस्ट

कुणी आलं नाही.

१२ ऑगस्ट

तास चालू असताना दार उघडलं. मी वही मिटून उठायच्या तयारीत! शिपाई होता, खडू घेऊन आलेला. तोवर फळ्यावरच्या दोन ओळी हुकल्या.

घरी हे म्हणाले, "एवढा घोर लावून घ्यायचा, तर शिकायचं कशाला?" उत्तर इथंच लिहिते, त्यांना वाईट वाटेल. घरात मला विचारतात, "माझा चष्मा कुठंय?" तिथं विचारतात, "हे असंच का?" आणि माझ्या उत्तराची वाट बघतात.

१७ ऑगस्ट

आली. दुसऱ्या कॉलेजातून बदलून आलेली पदवीची मुलगी, धापा टाकत. तिला बाकावर सरकून जागा दिली — दुसरं काय करणार? मान वर करवेना.

तास संपल्यावर प्राध्यापिका जिन्यात थांबल्या होत्या. "तुम्ही पदवीलाच का नाही येत? मग कुणी उठवणार नाही. शुक्रवारी दुसऱ्या फेरीची प्रवेश परीक्षा आहे."

पूर्ण पदवी! दोन वर्षं, रोजची दुपार! ताईला फोन केला. "अगं वेडे, नापास झालीस तर छडी मारायला कोण येणारे?"

ताईचं बरंय. घर माझ्या गळ्यात आहे.

२१ ऑगस्ट

पेपर दिला. तिसरा प्रश्न चुकला. नक्की चुकला. जेवताना सूनबाई म्हणाली, "आई, दोन वर्षं? मग घरचं कसं?" मुलाने भात मागितला. मी वाढला.

२६ ऑगस्ट

पदवीच्या यादीत नाव लागलं. तेव्हा —

सकाळचा चहा यांच्याकडे. नातवाला शाळेतून आणणं चिरंजीवांकडे. कपाटाच्या किल्ल्या सूनबाईला, कायमच्या. शिलाई मशीन वन्संना, कधीपासून डोळा आहे त्यांचा.

दुपार कुणालाही द्यायची नाही.