अशिलाची गोष्ट चारचौघांत

ता. ४ मार्च

चि. वकीलबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं मागचं पत्र चार ओळींचं. म्हणून शेजारणीच्या मुलीकडून तुमच्या वकिलांचा तो गट फोनवर उघडून घेतला. वाचायला कुणालाही मुभा आहे म्हणे. तिथे तू पानपान लिहितेस! आता रोज सकाळी चहाबरोबर मी तुला वाचते. बोलण्यातला ठसका तसाच आहे. आवाज तेवढा येत नाही.

पण परवाचं वाचून चहा गार झाला. नाव घातलं नाहीस, कबूल. पण डाव्या हाताची दोन बोटं नसलेले, शाळेचे गणवेश शिवणारे, घटस्फोटानंतर लेकीच्या भेटीसाठी कोर्टात आलेले शिंपी असे किती असतील? शाळेजवळ फिरकू नये असा हुकूम असताना तो रोज आडोशाला उभा राहून तिला बघतो, हे त्याने तुला विश्वासाने सांगितलं. ते कोर्टापुढे बोलावं की गिळावं, यावर तिथे त्रेचाळीस वकील तावातावाने भांडताहेत. तीस वर्षं मी कोर्टात लघुलेखन केलं. माणूस ओळखायला नाव लागत नाही गं. आधी ते काढून टाक.

जेवणाची आबाळ करू नकोस. दोन ओळी जास्त लिहिल्यास तर शाई संपणार नाही.

तुझी वाट बघणारी,
आई

ता. ११ मार्च

ती. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र आल्याआल्या काढलं, पण समोरच्या पक्षाच्या वकिलाने आधीच छापून ठेवलं होतं. खरं सांगते, पहिला राग तुझाच आला. मग माझा.

इथे ऑफिसात मी एकटी. गटावर प्रश्न टाकला की मिनिटात दहा जण बोलायला लागतात. त्या नादात अशील हा माणूस असतो, हेच विसरले.

शिंप्याला बोलावून सगळं सांगितलं, माफी मागितली, दुसरा वकील बघा म्हटलं. तो टेबलाची कड चोळत म्हणाला, "जगाला तुम्ही सांगितलंच आहे, आता न्यायाधीशांना मी स्वतः सांगेन; तुम्ही नुसतं शेजारी उभं राहा." मंगळवारी तारीख आहे. तू मागच्या बाकावर हवी होतीस.

माया आहे ती राहू दे, रागावलीस तरी.

तुझी,
वकीलबाई

ता. २५ मार्च

ती. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

त्याने सांगितलं, अडखळत, पण काही न झाकता. न्यायाधीशबाईंनी त्याला चांगलंच झापलं, मलाही. नंतर हुकूम दिला: दर रविवारी दोन तास, कोर्टाच्या मुलांच्या खोलीत.

पहिल्या भेटीला मी दाराशी होते. लेक कोपऱ्यात अवघडून उभी. त्याने खिशातून मापाची टेप काढली. दोन वर्षं तो तिचे फ्रॉक अंदाजानेच शिवत होता. खांद्यावर टेप धरली, पण डोळे भरल्यामुळे आकडा दिसेना. त्याने तिलाच वाचायला सांगितलं. तिने वाचला. मग न सांगता हात पसरून दुसऱ्या मापासाठी उभी राहिली.

मी जिन्यात येऊन रडले. आई, तुला बघून आठ महिने झाले. शनिवारच्या सकाळच्या गाडीने येतेय. चार दिवस राहीन. घ्यायला येऊ नकोस म्हटलं तरी तू येशीलच, तर ये.

तुझी,
मी